तिच्या भीतीचे आपण काय करावे?

ज्या प्रसंगातून हा लेख निघाला तो सांगताना आम्हांला थोडी लाज वाटते. तरी तो सांगितल्यावाचून पुढे लिहिणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

आमच्या आदिलाबादेत पैनगंगेपलीकडच्या पांढरकवड्याकडून आणि इकडे किनवटकडून नोकरीधंद्यासाठी आलेली पुष्कळ मराठी कुटुंबे आहेत. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा किनवटचा भाग आदिलाबाद जिल्ह्यातून निघून नांदेडला जोडला गेला; पण सोयरीक, बाजार आणि दवाखाना यांना ती सीमा कधी फारशी दिसली नाही. त्याच बाजूच्या एका खेड्यातून एक भगिनी येथील दवाखान्यात परिचारिका म्हणून आली. वय पस्तिशीच्या आसपास, लग्न झालेले नाही, आईवडील गावी. पहिली दोन वर्षे ती एका वृद्ध जोडप्याकडे खोली घेऊन राहिली. पुढे नव्या वस्तीत एक तीन मजली इमारत उभी राहिली, तिच्यातला दुसऱ्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट तिने भाड्याने घेतला. स्वतःचे स्वयंपाकघर, स्वतःचा नळ, स्वतःचे दार! तिच्या आनंदाला सीमा नव्हती.

गृहप्रार्थनेला आम्ही दहा-बारा जण गेलो होतो. गीत झाले, शास्त्रवाचन झाले. प्रार्थना करण्याचे काम आमच्याकडे होते. या घराच्या उंबरठ्याचे रक्षण व्हावे, आत येणाऱ्याजाणाऱ्यावर देवाची दृष्टी असावी, असे आम्ही मागितले. मग पोहे, चहा आणि गप्पा. या दाराच्या किल्ल्या एकूण किती आहेत आणि त्या कोणाकोणाकडे आहेत, हे मात्र आमच्यापैकी एकानेही विचारले नाही. तसे विचारण्याची गरज असते हेच कोणाला सुचले नाही.

दोन महिने गेले. एका रविवारी उपासनेनंतर चिंचेखाली उभी राहून ती म्हणाली, "काका, मी रात्रपाळीहून येते तेव्हा घरात कोणी तरी येऊन गेलेलं असतं." आम्ही विचारले, "काही चोरीला गेलं का?" ती म्हणाली, "नाही. ओट्यावर पालथा घातलेला तांब्या उताणा असतो. न्हाणीच्या खिडकीची कडी मी लावून जाते, ती निघालेली असते. आणि एक दिवस विडीचा वास आला."

आता आम्ही काय उत्तरे दिली ती ऐका. एक जण म्हणाले की रात्रपाळीमुळे झोप पुरत नाही, त्याने असे भास होतात. एक काकू म्हणाल्या, "एकटं राहिलं की असंच होतं गं, आता तरी लग्नाचं मनावर घे." आणि आम्ही स्वतः, वयाने मोठे म्हणून, तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगितले, "पोरी, भिऊ नकोस. प्रार्थना करीत जा." पुढच्या आठवड्यात आम्ही दोघे-तिघे तिच्या घरी जाऊनही आलो. खिडक्या पाहिल्या, दार पाहिले, सगळे जागच्या जागी होते. तिने चहा केला. परतताना आमच्यातील एक जण हळूच म्हणाले की बिचारीला कोणा चांगल्या डॉक्टरला दाखवायला हवे. त्यानंतर तिने आम्हांला त्या विषयावर एक शब्द सांगितला नाही, आणि तिची भीती गेली असे आम्ही धरून चाललो.

कोणी म्हणेल, ही तर सिनेमाची गोष्ट झाली. खरेच आहे. आम्ही सिनेमाचे शौकीन नव्हे, पण घरातील तरुण मंडळींच्या आग्रहाने २०१६ साली निघालेला 'फोबिया' नावाचा हिंदी चित्रपट आम्ही पाहिला. पवन कृपलानी यांनी तो दिग्दर्शित केला आहे, आणि मुख्य भूमिका पुण्यात वाढलेल्या राधिका आपटे यांची आहे. एका चित्रकार तरुणीवर टॅक्सीत हल्ला होतो. त्या धक्क्याने तिला घराबाहेर पाऊल टाकणे अशक्य होते. तिचा मित्र तिला मुंबईतच एका नव्या फ्लॅटमध्ये आणून ठेवतो. तेथे तिला काही दिसू लागते, काही ऐकू येते. आधीच्या भाडेकरणीचे काही तरी वाईट झाले अशी तिची खात्री होऊ लागते. आणि भोवतालचा जो तो म्हणतो, तिला आजार आहे. शेवट काय होतो ते सांगून आम्ही कोणाचा रस घालवत नाही. पण पाहताना आम्ही स्वतःकडे लक्ष दिले तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. त्या तासाभरात आम्हांला तिची काळजी फारशी वाटत नव्हती. ती वेडी की शहाणी, एवढेच कोडे आम्ही सोडवीत बसलो होतो. अशा चित्रपटांची सगळी गंमत त्या कोड्यात असते. सिनेमाघरात ते क्षम्य आहे, तेथे पडद्यावरच्या बाईला आपण मदत करू शकत नाही. चिंचेखाली उभ्या असलेल्या बाईला करू शकतो. आणि तेथेही आम्ही कोडेच सोडवीत बसलो.

या जातीच्या कथेचे एक मूळ पॅट्रिक हॅमिल्टन या इंग्रज लेखकाच्या १९३८ सालच्या 'गॅस लाइट' या नाटकात आहे. त्यावर इंग्लंडात १९४० साली आणि अमेरिकेत १९४४ साली चित्रपट निघाले. अमेरिकेतल्या चित्रपटात इन्ग्रिड बर्गमन होती आणि त्या कामासाठी तिला ऑस्कर पारितोषिक मिळाले. कथा अशी की नवरा रोज संध्याकाळी बाहेर जातो असे भासवून त्याच घराच्या वरच्या बंद मजल्यावर जातो व तेथे दडलेली रत्ने शोधतो. वर त्याने गॅसची बत्ती लावली की खालच्या खोलीतली बत्ती मंद होते. बायकोला ते दिसते. वर पावलेही वाजतात. ती सांगते, आणि नवरा म्हणतो की तुझे डोके ठिकाणावर नाही. वस्तू तोच लपवतो आणि हरवल्याचा दोष तिला देतो. हळूहळू तिचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडतो. या नाटकावरून इंग्रजीत 'गॅसलायटिंग' असा शब्दच तयार झाला. समोरच्याला त्याच्या स्वतःच्या जाणिवेविषयी संशयात पाडणे असा त्याचा अर्थ. मेरियम-वेबस्टर या अमेरिकन कोशाने २०२२ चा शब्द म्हणून तो निवडला. पण आमच्या मनात राहिले ते वेगळेच. ती सुटते कशी? एक पोलीस अधिकारी तिच्या खोलीत येतो, आणि त्याच्या देखत बत्ती मंद होते. तो म्हणतो की हो, मलाही दिसले. तेवढ्यावर तिला तिची बुद्धी परत मिळते.

आम्ही त्या भगिनीच्या घरी गेलो तो दिवसा अकरा वाजता. बत्ती मंद होण्याच्या वेळी आमच्यापैकी कोणी तेथे बसले नाही.

आता मुद्द्याकडे येऊ. आपल्याकडे मुलीबाळींना सांगतात की संकट बाहेर असते, घर सुरक्षित असते. नोव्हेंबर २०१९ मध्ये आपल्या शेजारच्या आसिफाबाद जिल्ह्यात गावोगाव फिरून किरकोळ माल विकणाऱ्या एका बाईवर अत्याचार होऊन तिचा खून झाला. 'समता' या नावाने तो खटला ओळखला गेला, आणि ३० जानेवारी २०२० रोजी आदिलाबादच्या विशेष न्यायालयाने तिघांना फाशीची शिक्षा सुनावली. त्या दिवसांत आमच्या वस्तीत किती तरी मुलींची शिकवणी बंद झाली, संध्याकाळचे बाहेर जाणे बंद झाले. आईबापांची काळजी आम्ही समजू शकतो. पण घरात बसवले म्हणजे झाले, हा हिशेब बरोबर नाही. संयुक्त राष्ट्रसंघाच्या अहवालाप्रमाणे २०२३ साली जगात सुमारे ८५,००० स्त्रिया व मुली हेतुपुरस्सर मारल्या गेल्या. त्यांपैकी सुमारे ५१,००० नवऱ्याच्या, जोडीदाराच्या किंवा घरातल्याच कोणाच्या हातून. दहांत सहा! आपल्या देशाच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१९ ते २०२१ या काळात लग्न झालेल्या शंभर स्त्रियांमागे सुमारे २९ जणींनी नवऱ्याकडून मारहाण वा छळ सोसल्याचे सांगितले. तेलंगणात हा आकडा ३७ च्या जवळ आहे, महाराष्ट्रात २५ च्या. आणि हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी कोणाकडे मदत मागितली अशा शंभरात केवळ १४.

बाकीच्या का बोलत नाहीत, याचे एक उत्तर चिंचेखाली आहे असे आम्हांला आता वाटते.

मुंबईत वडाळ्याला ऑगस्ट २०१२ मध्ये घडलेली घटना पुष्कळांना आठवत असेल. एका तरुण वकील मुलीचा तिच्याच फ्लॅटमध्ये इमारतीच्या पहारेकऱ्याने खून केला. त्याने आधी तिच्या घरची वीज घालवली, दुरुस्तीच्या निमित्ताने आत गेला आणि किल्ली उचलली, असे तपासात निघाले. २०१४ साली त्याला जन्मठेप झाली, २०१६ साली तो सुट्टीवर सुटून पळाला आणि २०१७ साली पुन्हा पकडला गेला. त्या फ्लॅटला कुलूप होते. खाली पहारा होता. पहाराच आत आला.

जुन्या घरांत सर्व चांगले होते असे आम्ही म्हणणार नाही. बेल्याकडच्या ज्या वाड्यात आमचे बालपण गेले तेथेही भिंतीआड पुष्कळ रडणे होते, आणि ते सगळ्यांना ऐकू येत असूनही कोणी काही बोलत नसे. पण निदान ऐकू येत असे. ओसरीवर कोणी परका आला तर तीन घरच्या म्हाताऱ्या त्याला "कोण रे तू? कोणाकडे आलास?" म्हणून विचारीत. नव्या इमारतीत समोरासमोर दोन दारे, मध्ये चार हातांची मोकळी जागा, आणि वर्षानुवर्षे नावदेखील माहीत नसते. त्यात आमच्या गावी एका दारामागे मराठी, दुसऱ्यामागे तेलुगू, वर उर्दू. बोलायचे कसे, येथूनच अडचण.

तर नैतिक प्रश्न असा. एखादी स्त्री म्हणते, "मला माझ्या घरात भीती वाटते." तिच्याजवळ पुरावा नाही. अशा वेळी आपले कर्तव्य काय?

आपण लगेच न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसतो. खरे कशावरून? कोणी पाहिले? काय गेले? न्यायालयात हे प्रश्न योग्यच आहेत, कारण तेथे कोणाला तरी तुरुंगात धाडायचे असते. पण त्या भगिनीने आम्हांला कोणाला तुरुंगात धाडा असे सांगितलेच नव्हते. तिने कोणाचे नावही घेतले नव्हते. तिला भीती वाटत होती, इतकेच तिचे म्हणणे. येथे दोन प्रश्न एकात एक गुंतलेले आहेत: "हे खरे आहे काय?" आणि "आता काय करायचे?" पहिल्याचे उत्तर मिळाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही अशी आपली समजूत आहे. ती समजूत चुकीची आहे, असे आमचे स्पष्ट मत झाले आहे.

नव्या घराविषयी पवित्र शास्त्रात एक लहानसा नियम आहे; अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात तो सापडेल. नवे घर बांधलेस तर धाब्याला कठडा कर, नाही तर कोणी वरून पडला तर त्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल, असा त्याचा आशय. शब्बाथशाळेत हा उतारा आपण सहसा शिकवीत नाही, कारण त्यात गोष्ट नाही. पण पाहा, कोणी तरी पडल्याचे सिद्ध झाल्यावर कठडा बांध, असे तेथे म्हटलेले नाही. कोणी पडण्याआधी, कदाचित कधीच कोणी पडणार नसताना, बांधायचा आहे. कठडा बांधताना कोणावर आरोप करावा लागत नाही. कुलूप बदलण्याचेही तसेच आहे. न्हाणीच्या खिडकीला गज बसवणे, दाराला आतून अडसर लावणे, रात्रपाळीच्या दिवशी सकाळी कोणी तरी तिच्याबरोबर घरापर्यंत जाणे, आठ दिवस कोणाच्या मुलीने तिच्याकडे झोपायला जाणे: यांतील एकाही गोष्टीला पुरावा लागत नाही.

आणि विश्वास न ठेवण्याचे पाप प्रार्थनेच्या आड लपू शकते, हे तर आमच्याच लोकांचे उदाहरण सांगते. प्रेषितांची कृत्ये, अध्याय बारा. पेत्र तुरुंगात आहे आणि मंडळी रात्रभर त्याच्या सुटकेसाठी प्रार्थना करीत आहे. दारावर थाप पडते. रुदा नावाची एक मुलगी ऐकायला जाते, आवाज ओळखते, आणि आनंदाच्या भरात दार न उघडताच आत धावत येऊन सांगते की पेत्र आला आहे. ती सर्व भक्तिमान माणसे तिला म्हणतात की तुला वेड लागले आहे. ती ठामपणे सांगत राहते, तेव्हा ते दुसरे स्पष्टीकरण काढतात, की तो त्याचा देवदूत असावा. आत हा वाद चाललेला, आणि पेत्र बिचारा बाहेर दार ठोठावीत उभा! वाद मिटला कसा? दार उघडले तेव्हा. ते आधीच उघडता आले असते. त्याला चार पावले चालण्यापलीकडे काही खर्च नव्हता.

पुनरुत्थानाच्या सकाळी स्त्रियांनी आणलेली बातमीही प्रेषितांना पोकळ बडबड वाटली, हे लूक लपवून ठेवीत नाही.

याहून कठीण गोष्ट तामारेची. आम्ही ती वर्गात वाचावयाचे टाळतो, आणि लहान मुलांपुढे टाळणे योग्यही असेल. पण मोठ्यांनी ती वाचली पाहिजे. तिला रस्त्यावर कोणी गाठले नाही. भाऊ आजारी आहे, त्याला खाऊ घाल, म्हणून बापानेच तिला त्याच्या घरी पाठविले. तिने पीठ मळले, पोळ्या भाजल्या. मग घरातील सर्वांना बाहेर काढण्यात आले. तिने विनवणी केली, ती कोणी ऐकली नाही. नंतर ती डोक्यावर राख घालून मोठ्याने रडत निघाली, आणि सख्ख्या भावाने तिला काय सांगितले? गप्प राहा, तो तुझा भाऊ आहे, मनाला लावून घेऊ नकोस, अशा अर्थाचे. दावीद राजाला कळले तेव्हा तो फार संतापला. त्याच्या संतापाची नोंद आहे. त्याने मुलीसाठी काही केल्याची नोंद नाही. आम्ही या ठिकाणी नेहमी अम्नोनाला दोष देऊन पुढे जात असू. आता आम्हांला दावीद जास्त ओळखीचा वाटतो. संतापणे आणि घरी जाऊन जेवणे आम्हांलाही जमते.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो खरा आहे. बाईच्या सांगण्यावर विसंबून निरपराध माणूस भरडला जातो त्याचे काय? योसेफाचे काय? पोटीफराच्या बायकोने त्याचे वस्त्र पुरावा म्हणून दाखवले आणि तो बंदिखान्यात गेला. हे आपण विसरू नये. पण पोटीफराची चूक नीट पाहा. त्याने बायकोचे ऐकून घेतले ही चूक नव्हती. त्याने योसेफाला काही विचारलेच नाही, ही चूक होती. जी भिते तिला संरक्षण द्यावे आणि ज्याच्यावर आळ येतो त्याची चौकशी व्हावी, ही दोन्ही देणी एकाच वेळी फेडता येतात. कुलूप बदलल्याने कोणी योसेफ तुरुंगात जात नाही. उलट, आपण वेळेवर काही करीत नाही तेव्हाच वस्तीत कुजबूज सुरू होते, आणि बोट नेहमी गरिबाकडे वळते: पहारेकरी, परप्रांतीय गवंडी, जिन्यात झाडू मारणारा मुलगा. वडाळ्याचे उदाहरण आम्ही दिले, पण म्हणून प्रत्येक पहारेकऱ्याकडे संशयाने पाहणे हा अन्यायच होईल. वर दिलेले आकडे तर सांगतात की धोका बहुधा त्याच्याकडून नसतो.

दुसरा आक्षेप आजाराचा. खरोखर भास होत असतील तर? होऊ शकतात. मनालाही आजार होतो आणि त्यावर उपचार आहेत. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारने 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर सुरू केली आहे. पण आजारी माणसाची भीतीही भीतीच असते, आणि "तेथे काही नाही" असे दहादा सांगून ती जात नाही. शिवाय एक साधी गोष्ट लोक विसरतात. बाईला आजार आहे म्हणून तिच्या दाराला आपोआप कुलूप लागत नाही. जिला भास होतात तिच्याही घरात चोर शिरू शकतो. कदाचित तिच्याच घरात शिरेल, कारण तिचे कोणी ऐकणार नाही हे त्याला ठाऊक असते. तेव्हा तिला दवाखान्यात न्यावे, आणि कुलूपही बदलावे.

हे सर्व ठीक, पण ज्याची भीती वाटते त्याच्याकडे घराची किल्ली हक्काने असेल तर? तो नवरा असेल, दीर असेल, सासरा असेल तर कुलूप काय करणार? येथे आम्हांला मंडळीतील वडीलधाऱ्यांशी थोडे स्पष्ट बोलायचे आहे. अशी बहीण आपल्याकडे येते तेव्हा आपण तिला समजावून, प्रार्थना करून, रात्र होण्याआधी परत पोहोचवतो, आणि एक संसार वाचवला म्हणून समाधानाने झोपतो. ती परत गेल्यावर दार लागते तेव्हा आत काय होते याची चौकशी किती वेळा केली? २००५ सालचा कौटुंबिक हिंसाचार कायदा ऑक्टोबर २००६ पासून अमलात आहे. घर तिच्या नावावर नसले तरी तेथे राहण्याचा तिचा हक्क तो मानतो, आणि हात उगारणाऱ्यालाच घराबाहेर राहण्याचा हुकूम न्यायाधीश देऊ शकतात. 'सखी' केंद्रे आहेत, १८१ हा स्त्रियांसाठीचा दूरध्वनी आहे, तातडीसाठी ११२ आहे. पाठलाग करणे आणि चोरून पाहणे हे २०१३ पासून स्वतंत्र गुन्हे झाले, आणि जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ते आहेत. भाड्याच्या घरात मालकाने केव्हाही शिरावे असेही नाही. केंद्र सरकारने २०२१ साली राज्यांसाठी जो नमुना कायदा केला त्यात चोवीस तास आधी कळवण्याची अट आहे. ही माहिती सूचनाफलकावर लावायला एक कागद पुरेल. आमच्या फलकावर गेल्या नाताळच्या सहभोजनाचा हिशेब अजून लटकतो आहे.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना एवढेच सांगतो, की हीच भाषा मुले अधिक अडखळत बोलतात. "मला त्या काकांच्या घरी नाही जायचं" असे एखादे मूल म्हणाले तर त्याला हट्टी ठरवण्याआधी खाली बसून, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला येऊन ऐका. १०९८ हा क्रमांक मुलांसाठी आहे. मुलांवर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळल्यावर, किंवा होईल अशी शंका आल्यावर, ते कळवणे २०१२ च्या कायद्याने प्रत्येकाला बंधनकारक आहे; मंडळीचे नाव खराब होईल ही सबब तेथे चालत नाही.

त्या भगिनीचे पुढे काय झाले ते सांगावयाचे राहिले. आमच्या तरुण संघात एक मुलगा आहे, मार्केट यार्डाजवळ लोखंडी सामानाच्या दुकानात काम करतो. फारसा बोलत नाही, प्रार्थना कर म्हटले तर घाबरतो. कोणाकडून तरी त्याच्या कानांवर ही गोष्ट गेली. तो एका संध्याकाळी तिच्या घरी जाऊन म्हणाला, "ताई, कुलूप बदलून देऊ का?" कोण येते, खरेच येते का, असे काही त्याने विचारले नाही. दाराचे कुलूप बदलायला त्याला अर्धा तास लागला. न्हाणीच्या खिडकीला त्याने दोन गज बसवले, तेही दुकानातले उरलेले. मालकाला दुसऱ्या दिवशी तिनेच फोन करून सांगितले की कुलूप नवे आहे, यायचे असेल तेव्हा आधी कळवा.

त्यानंतर तांब्या पालथा घातलेला पालथाच राहिला. कोण येत होते, येत होते की नाही, हे आम्हांला आजही ठाऊक नाही. बांधकाम चालू असताना त्या इमारतीच्या किल्ल्या किती जणांच्या हातांतून गेल्या होत्या हे मात्र नंतर कळले. रंगाऱ्यापासून नळवाल्यापर्यंत कोणीही मोजदाद ठेवली नव्हती.

ती उपासनेला येते. पूर्वी पुढून तिसऱ्या बाकावर बसत असे, आता दाराजवळ बसते. आम्ही विचारतो, "कसं काय, बरं आहे ना?" ती हसून म्हणते, "बरं आहे, काका." त्याहून जास्त काही सांगत नाही, आणि आम्हांलाही विचारण्याचा धीर होत नाही. नव्या कुलपाच्या दोन किल्ल्या आहेत. एक तिच्या पर्समध्ये असते. दुसरी तिने समोरच्या दारातल्या तेलुगू बाईंकडे ठेवली आहे. त्यांना मराठी येत नाही, हिला तेलुगू मोडकेतोडके येते. रात्रपाळीच्या दिवशी सकाळी त्या बाई दार उघडे ठेवून उंबऱ्यात भाजी निवडत बसतात, ती वर येईपर्यंत.